वखारीतली शाळा

आमच्या शाळेला तंबाखूचा वास होता. पुस्तकांना होता, पाट्यांना होता, बसायच्या तरटांना होता, आणि सिस्टरच्या पांढऱ्याशुभ्र झग्यालाही होता. निपाणीत जन्मलेल्या माणसाला हा वास वेगळा असा जाणवत नाही, पण शाळा जिथं भरायची ती जागा मुळात आप्पांची जुनी वखार होती, आणि तिथं तंबाखू भिंतींतच मुरली होती. पहिल्या पावसाळ्यात भिंतींना ओल आली की वास असा उठायचा की सकाळच्या प्रार्थनेत एकीला शिंक यायची, तिच्या मागून दुसरीला, आणि मग सात पोरींची ती रांग शिंकून होईस्तोवर सिस्टर डोळे मिटून, हात जोडून थांबायची. तिनं कधी रागावून पाहिलं नाही. सगळ्यांचं झालं की मग ती स्वतः एक शिंक द्यायची आणि प्रार्थना पुढं चालू व्हायची.

वखार शाळेला कशी मिळाली ते आप्पा लोकांना रंगवून सांगत. बेळगावच्या कॅम्पातून एक पाद्री आणि दोन सिस्टरी गावात जागा बघत फिरत होते. मुलींसाठी शाळा काढायची होती, आणि जागा म्हटलं की लोक पाणी देत, बसायला घोंगडं देत आणि विषय बदलत. आप्पांची ती वखार छपरातून गळायची, मालाला बुरशी यायची, म्हणून रिकामीच होती. आप्पा म्हणाले, "तंबाखूला बुरा येतोय तिथं, पोरींस्नी काय येतोय? घ्या की." आप्पा असेच होते. एखादी गोष्ट करून टाकायचे आणि तिच्यावर हसत हसत घरी यायचे. पण या वेळी दुसऱ्याच दिवशी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पूजा आटोपून बाहेर येताना कुणीतरी त्यांना अडवलं. "आप्पासाब, दुसऱ्याच्या पोरींसाठी वखार दिलासा. तुमची पोरगी जाणार हाय काय तिथं?" आप्पांना मागं फिरणं जमत नसे. "जाणार की," म्हणाले. अशी मी शाळेत गेले. मला शिकवायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. एका माणसाच्या तोंडून शब्द निघून गेला होता, एवढंच.

आईला आम्ही अव्वा म्हणायचो. आमचं घर निम्मं मराठी, निम्मं कानडी. हिशेबाचं, बाजाराचं, पाहुण्यांशी बोलणं मराठीत, आणि लाड नाहीतर राग असला की कानडीत. त्यामुळं अव्वा कुठली भाषा बोलते यावरून आज घरात हवा कशी आहे ते आम्हाला कळायचं. मी शाळेत जाणार हे कळल्यावर ती तीन दिवस दोन्ही भाषांत काही बोलली नाही. भाकऱ्या थापायची, पण एरवी काटवटीवर तिच्या बांगड्यांचा जो सारखा आवाज व्हायचा तो त्या दिवसांत नुसता धप्प धप्प असा यायचा. चौथ्या दिवशी सकाळी तिनं माझी वेणी इतकी घट्ट घातली की डोळे ओढले गेले, आणि म्हणाली, "त्यांच्या हातचं काय खायचं न्हाय. पाणी बी न्हाय. तहान लागली तर घरला यायचं." घर काही लांब नव्हतं. पण तहान लागली म्हणून दिवसातून चारदा घरी पळणारी पोर शाळेत काय शिकणार?

हे सिस्टरच्या दोन दिवसांत लक्षात आलं. तिचं नाव सिस्टर मार्था. गोव्यातल्या साष्टीकडची. उंच, हाडापेरानं मोठी, पायात काळे बूट, आणि कमरेला लांब जपमाळ. ती चालली की बूट आणि मण्यांचा मिळून एक टकटक आवाज यायचा, आणि तो ऐकून आम्ही पाटीवरची चित्रं पुसायचो. तिच्याबरोबर दुसरी एक म्हातारी सिस्टर होती, तिला मराठी फारसं येत नसे. ती मागच्या खोलीत स्वयंपाक करायची आणि आम्ही दिसलो की नुसती हसायची. सिस्टर मार्थाचं मराठी कोंकणी वळणाचं. आम्ही 'गं' म्हणायचो तिथं ती 'गो' म्हणायची. तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "पद्मा, तू पळतेस खंय गो सारखी?" मी सांगितलं, पाणी प्यायला, आमच्यात गाळल्याबिगर पीत न्हाईत. तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी एक नवी घागर होती आणि तिच्या तोंडावर दुहेरी पांढरं फडकं ताणून बांधलं होतं. "ही तुझी. तुझ्या हातानं भरायची, तुझ्या हातानं गाळायची. मी शिवणार नाही," ती म्हणाली. मी घरी येऊन हे सांगितलं. अव्वा डाळ निवडत होती. हात क्षणभर थांबले. "फडकं रोज धुती का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "व्हय." त्या दिवसापासून माझं पाण्यासाठी घरी पळणं बंद झालं.

आम्ही सात जणी. दोघी बहिणी दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या मुली, त्या किरिस्तांव. बाकी आम्ही गावातल्या, कुणी विणकराची, कुणी शेतकऱ्याची. शेजारच्या वखारीत बायका दिवसभर तंबाखूच्या काड्या झोडायच्या. सुरुवातीला त्या आवाजानं सिस्टरचा गळा बसायचा. मग तिनंच तोड काढली. पाढे म्हणायची वेळ तिनं झोडणीच्या वेळेला बांधून टाकली. पलीकडं काठी पडली की अलीकडं आम्ही 'बे एके बे', पुन्हा काठी पडली की 'बे दुणे चार'. महिनाभरात असं झालं की आम्ही सुट्टीवर असलो तर पलीकडच्या बायकांना चुकल्यासारखं व्हायचं. त्यांच्यातली एक जण भिंतीपलीकडून ओरडायची, "आज पोरी मुक्या झाल्यात काय?" अजूनही मी पाढा म्हणते तो मनातल्या मनात त्या काठीच्या ठेक्यावरच म्हणते. माझ्या नातवाला गंमत वाटते. तो म्हणतो, आजी, तू पाढे झोडतेस.

घरी आले की मला सगळं सांगायचं असे. आणि अव्वाला ऐकायचं नसे, पण ती चुलीपाशीच बसलेली असे, त्यामुळं ऐकावं लागे. आमच्यात दिवस बुडायच्या आत जेवण उरकायचं, म्हणून शाळा सुटून मी येईपर्यंत ताटं मांडलेली असत. गरम जोंधळ्याची भाकरी, मुगाची आमटी, शेंगांची चटणी, दह्याची वाटी. मी घास घ्यायचे आणि बोलायचे. एकदा मी सांगितलं, "अव्वा, सिस्टर शुक्रवारी मांस खाईत न्हाईत. त्यांच्या देवासाठी सोडत्यात." मला वाटलं हे ऐकून तिला बरं वाटेल. अव्वानं भाकरी उलटली, काठ दाबले, आणि म्हणाली, "मग शनवारच्या जनावरानं काय वाईट केलंय?" आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी दुसऱ्या दिवशी ते तसंच्या तसं सिस्टरला जाऊन सांगितलं. सिस्टर पण हसली आणि म्हणाली, "तुझी आई हुशार आहे गो." हे मी परत घरी येऊन सांगितलं. अशा निरोपांच्या वाटेनं त्या दोघी एकमेकींना वर्षभर ओळखत होत्या. भेटल्या मात्र कधी नव्हत्या. अव्वा घरातून बस्तीत आणि बस्तीतून घरात, तीही मागच्या बोळानं. शाळेकडं तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

भादव्यात आमचा दहा दिवसांचा सण येतो. मोठी माणसं उपास करतात, कुणी एकभुक्त राहतं, आणि चतुर्दशीला तर बरेच जण पाणीसुद्धा घेत नाहीत. त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते आणि मला चतुर्दशीचा कडक उपास करायचा होता. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणायचो, तिनं आदल्या वर्षी केला होता आणि सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं. अव्वा म्हणाली, "कर, पण शाळा न्हाय. घरात पडून राहायचं." नेमकं त्याच दिवशी शाळा तपासायला डिपुटीसाहेब येणार होते. शाळेला सरकारची मान्यता मिळायची की नाही ते त्यांच्या हातात होतं. सिस्टर आठ दिवस आम्हाला कवायत आणि कविता घोटून घेत होती, आणि कविता म्हणणारी मी होते. मी अव्वा बस्तीत गेल्याचं बघून मागच्या दारानं निसटले.

भादव्यातलं ऊन पावसाळ्यातलं म्हणून कुणी धरत नाही, पण ते डोक्यात शिरतं. आम्ही अंगणात रांगेत उभ्या होतो. डिपुटीसाहेब आता येतील, मग येतील. सकाळची दुपार झाली. पलीकडची झोडणी माझ्या कानात लांब लांब जाऊ लागली. मी सिस्टरला उपासाचं काही सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर तिनं मला घरी पाठवलं असतं. मग पायाखालची जमीन वर आल्यासारखी झाली, एवढंच आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा मी आत बाकावर होते. डोक्यावरून पाणी ओघळत मानेवर येत होतं. सिस्टर माझ्यावर वाकली होती, तिचे ओठ भराभर हलत होते, आणि तिच्या अंगठ्यानं ती माझ्या कपाळावर आडवी-उभी रेघ ओढत होती. तिचा चेहरा इतका घाबरलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. मी डोळे उघडल्यावर तिनं साखरपाण्याचं भांडं माझ्या तोंडाला लावलं. मी दात आवळले. "उपास हाय," म्हणाले. पण बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात दोन घोट आत गेले होते. गोड लागलं. ते गोड लागलं याचंच मला रडू आलं.

दारात चंद्राक्का उभी होती. ही आमची चुलती. आमच्या घरासमोरच राहायची. मी घरात नाही हे कळल्यावर अव्वानं तिलाच मला बघायला पाठवलं होतं. तिनं पाहिलं ते एवढंच: पांढऱ्या कपड्यातली बाई, माझ्या डोक्यावर ओतलेलं पाणी, आणि कपाळावर फिरणारा अंगठा. चंद्राक्का वाईट बाई नव्हती. मला तिनं खूप अंगाखांद्यावर खेळवलंय. पण तिनं जे पाहिलं त्याचा तिला एकच अर्थ ठाऊक होता. तिनं मला उचललं, सिस्टरकडं बघितलंही नाही, आणि भर बाजारातून घरी आणलं. डिपुटीसाहेब त्या दिवशी आलेच नाहीत.

दिवस मावळायच्या आत गावभर झालं होतं. आप्पासाहेबांच्या पोरीला शाळेतल्या बाईनं पाणी घालून किरिस्तांव केली. दुसऱ्या दिवशी शाळेत फक्त कंपाउंडरच्या दोघी मुली गेल्या. बस्तीतली चार वडीलधारी माणसं आमच्या सोप्यावर येऊन बसली. आप्पांनी त्यांना पानाचं तबक पुढं केलं, कुणी पान घेतलं नाही. म्हणणं सरळ होतं. वखार परत घ्या, पोरीची शुद्धी करून घ्या, मग बघू. त्यातच सदलग्याहून निरोप आला. आक्काचं लग्न तिथं जमल्यात जमा होतं, नारळ बदलायचे तेवढे राहिले होते. निरोपात वावगं काही नव्हतं. फक्त एवढंच, की घाई नको, थोडं थांबू या. आक्का निरोप ऐकून परसात गेली आणि बराच वेळ धुतलेलीच भांडी धूत बसली. आप्पा त्या दिवशी काही गमतीचं बोलले नाहीत. मी जन्मल्यापासून असा त्यांचा एक दिवस पाहिला नव्हता. मला वाटत होतं की हे सगळं माझ्या त्या दोन घोटांमुळं झालंय, आणि ते मी कुणाला सांगितलेलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी टोपी घातली. "जातो, सांगून येतो त्यांस्नी. वखार मोकळी करा म्हणून." अव्वा चुलीपाशी होती. तिनं लाकडं मागं ओढली, हात पुसले आणि म्हणाली, "तुम्ही बसा. आधी मी जाऊन इचारतो." आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात. आप्पा म्हणाले, "तू? तू काय इचारणार?" "काय केलं ते इचारणार," अव्वा म्हणाली. "चंद्रानं बघितलं ते सगळ्या गावानं ऐकलं. जिनं केलं तिला कुणी इचारलंय का?" आप्पा टोपी हातात घेऊन तसेच बसले. अव्वानं पदर डोक्यावरून घेतला, माझा हात धरला, आणि आम्ही निघालो. बोळानं नाही, पेठेतून. दुकानातली माणसं बघत होती. अव्वाचा हात घामानं ओला झाला होता, आणि तिनं माझी बोटं इतकी घट्ट धरली होती की मला दुखत होतं.

शाळा भरायला अजून अवकाश होता. सिस्टर मार्था रिकाम्या वर्गात एकटीच बसली होती. आम्हाला बघून उठली. अव्वा उंबऱ्याच्या आत आली, पण बसली नाही. त्या दोघींची उंची मला अजून डोळ्यापुढं दिसते. अव्वा सिस्टरच्या जेमतेम खांद्याला.

"बाई, माझ्या पोरीच्या डोक्यावर पाणी घातलासा ते कशापायी?" अव्वानं विचारलं.

"भोवळ येऊन पडली ती. शुद्धीवर यावी म्हणून," सिस्टर म्हणाली.

"आणि कपाळाला बोट लावलासा ते?"

मला आता या वयात वाटतं, त्या वेळी ती सहज म्हणू शकली असती की काही नाही, पाणी पुसत होते. अव्वानं ते मानलं असतं, आणि गाव पण हळूहळू विसरलं असतं. पण ती म्हणाली, "मी घाबरले होते. पोर डोळे उघडीना. माझ्या देवाचं नाव घेतलं, त्याची खूण केली, आणि म्हटलं हिला उठव. मला दुसरा देव माहीत नाही."

"म्हणजे तुमच्यात घेतलासा तिला?"

"नाही. तसं काही मी केलेलं नाही. ते करायचं असतं तर मी आधी तुमच्या दारात आले असते, तुम्हाला विचारलं असतं. तुम्ही नाही म्हटलं असतं, मी परत आले असते."

अव्वा तिच्या तोंडाकडं बघत राहिली. पलीकडची झोडणीसुद्धा थांबली होती. त्या बायका भिंतीला कान लावून होत्या हे मला नंतर कळलं. मला ते सहन झालं नाही. मी रडत म्हणाले, "अव्वा, माझा उपास मोडला. मी पाणी पिलं. साखरेचं."

अव्वा एकदम खाली वाकली. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. "मोडला तर मोडला. फुडच्या वर्षी करशील," ती म्हणाली, कानडीत, अगदी हळू. मग तिथंच तरटावर बसली. सिस्टरही तिच्यासमोर जमिनीवर बसली. एवढी मोठी बाई खाली बसलेली मी प्रथमच बघत होते.

"मी तिथं असतो तर मी बी माझ्याच देवाचं नाव घेतलं असतं," अव्वा म्हणाली. "तुमचं कसं घेणार? मला तरी कुठलं ठाव हाय?"

सिस्टरनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत.

"पण माझ्या एकटीच्या समजण्यानं गाव ऐकायचं न्हाय," अव्वा पुढं म्हणाली. तिनं वर्गभर नजर फिरवली. खिडकीतली घागर बघितली, उठून तिच्यावरचं फडकं दोन बोटांत धरून बघितलं. मग भिंतीवर एक तसबीर होती तिच्याकडं बघितलं. छातीतलं काळीज बाहेर दिसणारी, रक्ताचे थेंब असलेली. "ही आतल्या खोलीत लावा. पोरी भितात. माझी पद्मी झोपेत बोलती," ती म्हणाली. सिस्टरनं स्टुलावर चढून ती तसबीर काढली. "उद्यापास्नं मी येऊन बसतो हितं," अव्वा म्हणाली. "रोज. काय शिकवताय ते मी बघतो. मी बसलोय म्हटल्यावर बाकीच्या पाठवतील."

आणि ती खरंच आली. सकाळी बस्ती, मग स्वयंपाक, मग एका सुपात डाळ नाहीतर गहू घेऊन शाळा. दाराजवळ भिंतीला टेकून बसायची आणि निवडत राहायची. पहिले पाच-सहा दिवस वर्गात आम्ही तिघीच: मी आणि कंपाउंडरच्या दोघी. मग बायका येऊ लागल्या, बघायला. अव्वा बसली आहे हे खरं का ते बघायला. दारातून डोकवायच्या, अव्वा म्हणायची, "या की, बसा की," आणि कुणी बसायच्या पण. चंद्राक्का पहिल्यांदा आली तेव्हा उंबऱ्याबाहेर उभी राहिली. अव्वानं सूप सरकवून तिला जागा केली. चंद्राक्का बसली, गव्हातले खडे वेचू लागली, आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "पोरगी निपचित पडली होती वं. मला काय सुचलंच न्हाय." सिस्टर फळ्यापाशी होती. तिनं ऐकलं, पण मागं वळली नाही, लिहीत राहिली. दिवाळीपर्यंत आम्ही परत सात झालो, आणि संक्रांतीनंतर बारा.

सदलग्याची मंडळी पण आली. आक्काची होणारी सासू बैलगाडीतून उतरली ती तोंड मिटूनच. अव्वानं तिला गूळ-गव्हाची हुग्गी वाढली, दुपारचं ऊन उतरल्यावर म्हणाली, "चला, शाळा दाखवतो." दोघी दारात बसल्या. आम्ही पाढे म्हटले, भिंतीपलीकडून काठ्या पडत होत्या. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि निघताना सिस्टरला एकच विचारलं, "पोरींस्नी मारता का?" सिस्टर म्हणाली, "कधीमधी." "मारायला पायजे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्याच महिन्यात नारळ बदलले गेले. आक्कानं पुढं आपल्या दोन मुली त्याच शाळेत ठेवल्या, आमच्या घरी राहायला पाठवून.

अव्वा त्या दारात बसून लिहायला-वाचायला शिकली असं मला इथं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. ती शिकली नाही. सिस्टरनं खूप प्रयत्न केला. पाटी दिली, हात धरून 'अ' काढून घेतला. अव्वा म्हणायची, "माझ्या डोळ्यांत खडेच दिसत्यात, अक्षर ठरत न्हाय." पण तेरापर्यंतचे पाढे तिला पाठ झाले, आणि आप्पांना ती मधूनच "तेर साते?" असं विचारून अडवायची. सिस्टरनं मात्र तिच्याकडून बरंच काही घेतलं. आमटीला कांदा-लसूण न घालता चव कशी आणायची ते घेतलं. एकदा तिनं आपल्याकडचं दोदोल केलं. नारळाचा रस, तांदळाचं पीठ, गूळ. अव्वानं विचारलं, "यात अंडं?" सिस्टर म्हणाली, "नाही. भांडंही नवं आणलंय." अव्वानं तुकडा घेतला, आधी वास घेतला, मग खाल्ला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं परक्या चुलीवरचं खाल्लं असेल. घरी येऊन आप्पांना म्हणाली, "तेलकट हाय जरा. पण पोटभर लागतंय."

मागल्या वर्षी त्या शाळेच्या समारंभाला मला बोलावलं होतं. आता तिथं तीन मजले आहेत, पाटीवर तीन भाषा आहेत, आणि तंबाखूचा वास नाही. पहिल्या वर्गातली उरलेली मी एकटीच. आवारात संगमरवराची फरशी लावली आहे, तिच्यावर जुन्या लोकांची नावं कोरली आहेत. सिस्टर मार्थाचं आहे, आप्पांचं आहे, जागा दिली म्हणून. अव्वाचं नाही. मी तिथल्या तरुण मुख्याध्यापिका सिस्टरना सांगितलं की आणखी एक नाव राहिलंय. त्यांनी नम्रपणे विचारलं, "त्यांनी काय दिलं होतं, आजी?" मी म्हटलं, "ती दारात बसायची." त्यांनी वहीत लिहून घेतलं. पुढं काय केलं असेल ते असेल.

सिस्टर मार्था आमच्यात चार वर्षं राहिली. मग वरून हुकूम आला. त्यांच्यात असा हुकूम आला की सामान बांधायचं, कुठं आणि का ते विचारायचं नाही. सर्व्हिस मोटार सकाळी बेळगावला जायची. आम्ही सगळ्या पोरी फाट्यावर गेलो होतो, आणि पलीकडच्या वखारीतल्या चार-पाच बायकासुद्धा, काठ्या टाकून. अव्वानं भाकरी, चटणी आणि तूप-गुळाचा लाडू फडक्यात बांधून आणला होता. तिनं ते सिस्टरच्या हातात दिलं. मग दोघी तशाच उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं हॅण्डल मारलं, मोटार थरथरू लागली.

"बाई, एक इचारू काय?" अव्वा म्हणाली. "मार्था हे तुमचं शाळेचं नाव. घरी काय म्हणत होते तुम्हाला?"

सिस्टर थोडी गोंधळली. मला वाटतं, तिला ते आठवावं लागलं. "कॉन्सेसांव," ती म्हणाली. मग अव्वाला ते जमणार नाही हे ओळखून म्हणाली, "माझी आई कॉन्सू म्हणायची."

"कॉन्सू," अव्वानं म्हणून बघितलं.

"आणि तुमचं?" सिस्टरनं विचारलं. चार वर्षं ती अव्वाला पद्माची आईच म्हणत आली होती.

अव्वा लाजली. तेव्हा ती चाळिशीची असेल, दोन पोरींची आई. चारचौघांत, भर फाट्यावर, तिला तिचं नाव कुणी विचारलं नव्हतं. "रत्ना," ती म्हणाली.

सिस्टर मोटारीत चढली, खिडकीपाशी बसली. फडक्याची गाठ तिनं दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती. मोटार हलली तशी अव्वा चार पावलं तिच्याबरोबर चालली. आजवर सिस्टरला बाई आणि तुम्ही यापलीकडं तिनं काही म्हटलं नव्हतं.

"कॉन्सू," ती म्हणाली, "सावकाश जा गं. पोचलीस की पत्र घाल. पद्मी वाचून दावंल."